पडद्यावरचा समुद्र : थोड्या खर्चात भरवशाचा नकाशा

रायपूर शहर समुद्रापासून इतके आत आहे की, येथे वाढलेल्या पुष्कळ मुलांना समुद्राचे पहिले दर्शन पुरीला किंवा विशाखापट्टणला घडते. तरीही या शहराचे समुद्राशी नाते नाही असे म्हणता येणार नाही. खारून नदीचे पाणी शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी अखेर बंगालच्या उपसागराला जाऊन भेटते. शेजारच्या भिलाईच्या कारखान्यातील पोलाद २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या बांधणीत वापरले गेले. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात स्थायिक झालेल्या आणि मागाहून रेल्वे, शाळा व कारखाने यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलेमुलीही आता नौदलाकडे व व्यापारी जहाजांवरील नोकरीकडे वळू लागली आहेत. कोणाला निवृत्तीनंतर कोकणातल्या आपल्या गावी लहानशी शिडाची होडी बाळगण्याची हौस असते.

अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर समुद्राचा नकाशा दाखविणारे सॉफ्टवेअर घ्यावयाचे आहे. बाजारात फुकटापासून लाखापर्यंत सर्व प्रकार दिसतात. त्यांतले परवडणारे आणि तरीही भरवशाचे कोणते? प्रश्न हौसेचा वाटला तरी उत्तर हौसेने देण्यासारखे नाही. भांडे निकृष्ट निघाले तर पैसे बुडतात. नकाशा निकृष्ट निघाला तर माणसे बुडतात. म्हणून या विषयाचा थोडा पायापासून विचार करू.

सागरी नकाशा म्हणजे काय

जमिनीवरचा नकाशा आपल्याला रस्ता दाखवितो. समुद्रावर रस्ता नसतो. तेथे नकाशाचे मुख्य काम कोठे जाऊ नये हे सांगण्याचे असते. पाण्याची खोली, बुडालेले खडक, वाळूचे दांडे, जहाजांचे बुडीत सांगाडे, दीपगृहे, तरंगत्या खुणा आणि नांगर टाकण्यास योग्य असा तळ ही सर्व माहिती त्यावर असते. आंग्र्यांच्या आरमारातील तांडेलांना किनाऱ्यालगतचे खडक तोंडपाठ असत, आणि त्या बळावरच त्यांच्या गुराबा व गलबते परक्यांच्या मोठ्या जहाजांना न जुमानता उथळ पाण्यात वावरत. ते ज्ञान पिढीजात होते व एकेका किनाऱ्यापुरते होते. कोणत्याही किनाऱ्यावरील कोणाही खलाशाला तसे ज्ञान मिळावे म्हणून मोजणी करून नकाशे काढावे लागतात.

आपल्या देशात हे काम राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करते. १८७४ साली कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचा विभाग सुरू झाला. १९५४ साली हे कार्यालय देहरादून येथे गेले व आजही ते तेथेच आहे. रायपूरच्या वाचकांना यात थोडे समाधान वाटण्यास हरकत नाही; कारण भारताचे सागरी नकाशे जेथे सिद्ध होतात त्या गावालाही समुद्र नाही, हिमालयाचा पायथा आहे. नौदलाची सर्वेक्षण जहाजे समुद्रतळाची मोजणी करून आणतात आणि तिच्यावरून देहरादूनला नकाशे तयार होतात. अशा जहाजांपैकी ‘संधायक’ हे नवे जहाज फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टण येथे नौदलात दाखल झाले.

दिवा आणि तेल

खरेदीला निघालेल्या माणसाने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, सॉफ्टवेअर वेगळे आणि नकाशा वेगळा. सॉफ्टवेअर हे दिव्यासारखे आहे व नकाशा हा तेलासारखा. दिवा एकदा घेतला की झाले. तेल मात्र वरचेवर भरावे लागते. दिवा फुकट मिळाला म्हणून हुरळून जाणाऱ्याला मागाहून तेलाचा हिशेब करावा लागतो, आणि दिव्यावरच सगळे पैसे खर्चणाऱ्याला अंधारात बसावे लागते.

चांगला दिवा फुकट मिळू शकतो, हे मात्र खरे आहे. डेव्ह रजिस्टर यांनी सुरू केलेले आणि अनेक देशांतील नौकानयनप्रेमींनी स्वखुशीने वाढविलेले ‘ओपनसीपीएन’ हे सॉफ्टवेअर साध्या घरगुती संगणकावर विनामूल्य चालते. त्याला उपग्रहांवरून स्थान सांगणारे लहानसे यंत्र जोडले की नकाशावर आपली नौका हलताना दिसते. मार्ग आखता येतो, अंतर व दिशा मोजता येतात. ते बनविणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे बजावून ठेवली आहे : केवळ याच्या भरवशावर नौका हाकू नये. विकत घेतलेल्या वस्तूंच्या वेष्टनावरही हाच इशारा असतो, परंतु तेथे तो बारीक अक्षरांत असतो.

आता तेलाकडे वळू. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेचे इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे कोणालाही फुकट घेता येतात. त्या संस्थेने आपले जुने कागदी नकाशे क्रमाक्रमाने बंद करून ते काम जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण केले. आता तिचा सगळा भर इलेक्ट्रॉनिक नकाशांवर आहे. भारताचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे अधिकृत विक्रेत्यांमार्फत ठरावीक मुदतीच्या परवान्याने मिळतात. ते सांकेतिक कुलपात बंद असतात आणि ती किल्ली ज्याच्या यंत्रासाठी दिली त्याच्याच यंत्रावर चालते. मुदत संपली की परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. यांशिवाय ‘नॅव्हिऑनिक्स’, ‘सी-मॅप’ यांसारख्या खाजगी कंपन्या निरनिराळ्या किनाऱ्यांचे नकाशे वार्षिक वर्गणीने भ्रमणध्वनीवर पुरवितात. ते वापरण्यास सोपे असतात, परंतु ते सरकारी नकाशांवरून व इतर माहितीवरून त्या त्या कंपनीने बेतलेले असतात. म्हणून आपल्याला हव्या त्या किनाऱ्याचे तपशील त्यांत किती आहेत, हे वर्गणी भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

बाजारात चोरून उतरविलेले नकाशेही नाममात्र किमतीत मिळतात. ते घेणे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, चोरलेल्या नकाशात पुढील दुरुस्त्या येत नाहीत. नवा धक्का, नवी खूण, नव्याने बुडालेले जहाज यांची त्याला वार्ताही नसते. देहरादूनचे कार्यालय नाविकांसाठी सूचना पंधरवड्यातून एकदा प्रसिद्ध करते. इतक्या वेगाने समुद्राची माहिती बदलत असते. शिळे अन्न वासावरून ओळखू येते, शिळा नकाशा मात्र ताज्यासारखाच दिसतो.

दोन प्रकार आणि एक अपघात

इलेक्ट्रॉनिक नकाशे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार चित्ररूप. यात कागदी नकाशाचे जसेच्या तसे छायाचित्र पडद्यावर येते. तो ओळखीचा वाटतो व त्यातील कोणतीही गोष्ट दडून राहत नाही. मात्र तो मोठा केला की अक्षरे फाटतात. दुसरा प्रकार माहितीरूप. यात प्रत्येक खडक, प्रत्येक दिवा आणि प्रत्येक खोली स्वतंत्र नोंद म्हणून साठविलेली असते व संगणक त्यांवरून दर वेळी नवे चित्र काढतो. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने त्यासाठी ‘एस-५७’ नावाचा नमुना ठरविला असून देशोदेशींचे सरकारी नकाशे त्यानुसार बनतात. या प्रकारात नौका उथळ पाण्याकडे जाऊ लागताच घंटा वाजविण्याची सोय करता येते.

परंतु या सोयीच्या पोटात एक धोका आहे. पडद्यावर मोठा प्रदेश लहान करून पाहिला की गर्दी होऊ नये म्हणून संगणक बारीक तपशील गाळतो. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका केप टाउनहून अबू धाबीकडे जात असता मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गाडोस काराजोस या प्रवाळबेटांवर आदळली. नौकेवर उत्तम यंत्रे होती, निष्णात नाविक होते, नकाशेही होते. पण पडद्यावर पाहिलेल्या प्रमाणात त्या प्रवाळरांगेचा धोका नीट दिसत नव्हता. नकाशा आणखी मोठा करून पाहिला असता तर तो दिसला असता. सुदैवाने सर्व माणसे बचावली. मागाहून झालेल्या चौकशीत इलेक्ट्रॉनिक नकाशांचा अपुरा वापर आणि त्या नकाशांतील उणीव या दोहोंवर बोट ठेवले गेले.

या अपघातापासून सामान्य गृहस्थाने घेण्याजोगा धडा साधा आहे. मार्ग आखल्यावर तो आरंभापासून अखेरपर्यंत, नकाशा पूर्ण मोठा करून, बोटभर-बोटभर तपासावा. या कामाला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि जगातील सर्वांत महाग सॉफ्टवेअरही तो वेळ आपल्या वतीने देऊ शकत नाही.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

विक्रेत्यासमोर किंवा संगणकासमोर बसल्यावर पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा नकाशा कोणी केला आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? नकाशा आज छापला असला तरी त्यातील मोजणी पन्नास वर्षांपूर्वीची असू शकते. अधिकृत माहितीरूप नकाशात प्रत्येक क्षेत्राच्या मोजणीची विश्वसनीयता श्रेणीने दाखविलेली असते. ती पाहण्याची सवय लावावी.

दुसरा प्रश्न : खोली कोणत्या मापात आहे? कोठे मीटर, कोठे फूट, तर कोठे वाव असते. एक वाव म्हणजे सहा फूट, अर्थात सुमारे १.८३ मीटर. नकाशावरचा ‘३’ हा आकडा तीन वाव समजून पुढे गेलेल्या माणसाला तो तीन फूट निघाला, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. शिवाय नकाशावरील खोली ही साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीची असते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणून भरतीचे कोष्टक सॉफ्टवेअरमध्ये आहे काय, व ते आपल्या बंदराचे आहे काय, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न : नकाशाची अक्षांश-रेखांशांची बैठक कोणती? उपग्रहांवरून मिळणारे स्थान ज्या जागतिक बैठकीवर मोजले जाते तिला ‘डब्ल्यूजीएस-८४’ म्हणतात. भारतातील पुष्कळ जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या एकोणिसाव्या शतकातील मापांवर आधारलेले आहेत. दोहोंची गल्लत झाली तर नौका पडद्यावर एका जागी व पाण्यात दुसऱ्या जागी असते, आणि हे अंतर नौकेच्या लांबीच्या कितीतरी पट भरू शकते. कागदी नकाशाचे घरी छायाचित्र घेऊन तोच वापरू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

चौथा प्रश्न : इंटरनेट नसताना हे चालेल काय? भ्रमणध्वनीला उपग्रहांचा संकेत किनाऱ्यापासून कितीही दूर मिळतो. इंटरनेट मात्र थोड्याच अंतरावर तुटते. नकाशे घरीच उतरवून ठेवले नसतील तर समुद्रावर पडदा कोरा राहील. निघण्यापूर्वी इंटरनेट बंद करून सर्व नकाशे उघडून पाहावेत.

पाचवा प्रश्न : पुढे काय? सागरी नकाशांसाठी ‘एस-१००’ या नावाने नवी पद्धती रूढ होत आहे. मोठ्या जहाजांवर तिचा वापर १ जानेवारी २०२६ पासून अनुज्ञेय झाला असून १ जानेवारी २०२९ पासून बसविल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांना ती आवश्यक ठरेल. लहान होडीच्या मालकाने त्यासाठी घाई करण्याचे कारण नाही. परंतु आज मोठी रक्कम गुंतविणाऱ्याने हे विचारून ठेवावे.

कोणास काय पुरेल

व्यापारी जहाजावर जाणाऱ्या मुलासाठी घरच्यांनी महाग यंत्र घेण्याचे कारण नाही. मोठ्या जहाजांवर ‘ईसीडीआयएस’ नावाची मान्यताप्राप्त नकाशाप्रणाली आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ती पुरविणे जहाजाच्या मालकाचे काम आहे, व ती चालविण्याचे शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे लागते. घरी हवा तो केवळ सराव. त्यासाठी फुकटचे सॉफ्टवेअर आणि अमेरिकेचे फुकट नकाशे पुरेसे आहेत. रायपूरच्या खोलीत बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नौका कशी न्यावी याचा अभ्यास एक रुपयाही न खर्चिता करता येतो. यामुळे शिक्षणक्रम चुकत नाही, पण त्यात शिरताना पाऊल अडखळत नाही.

कोकणात लहान होडी बाळगू इच्छिणाऱ्याने दिव्यावर पैसा न घालता तेलावर घालावा. आपल्या किनाऱ्यापुरता ताजा, परवान्याचा नकाशा, पाणी न लागणाऱ्या वेष्टनातील एक भ्रमणध्वनी आणि तसाच दुसरा राखीव, एवढे असले म्हणजे आरंभाला पुरे. पहिल्या हंगामात स्थानिक तांडेलाला बरोबर घ्यावे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो. ते त्याला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही पडद्याला नसते.

आणि गंगरेलच्या जलाशयात किंवा महानदीच्या पात्रात होडी नेणाऱ्याने सागरी नकाशा घेऊच नये, कारण त्यात हे पाणी नाहीच. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यांत महानदीचा संबलपूर ते पारादीप हा ४२६ किलोमीटरांचा भाग जलमार्ग क्रमांक ६४ म्हणून आहे, पण त्याच्या वरचा छत्तीसगडचा भाग त्यात येत नाही. गंगेच्या जलमार्गासाठी अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने इलेक्ट्रॉनिक नकाशे केले आहेत. येथे तसे नाहीत. येथे पाण्याची पातळी धरणाच्या दरवाजांप्रमाणे बदलते आणि बुडालेली झाडे व खडक पातळीबरोबर वर येतात. म्हणून नकाशाचे पैसे जीवरक्षक जाकिटांवर आणि खोली मोजणाऱ्या साध्या यंत्रावर खर्चावेत.

पडद्यापलीकडचे

दिलीप दोंदे हे ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात त्यांनी ती पूर्ण केली. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जगप्रदक्षिणा केली, आणि पुढे २०२४-२५ मध्ये दिलना व रूपा या दोघीच अधिकारी तिच्यातून तीच वाट चालून आल्या. या नौकांवर आधुनिक यंत्रे होती. परंतु यंत्र बंद पडले तर पुढे काय, याचे उत्तर पाठ करूनच असे प्रवासी निघतात.

उपग्रहांचा संकेतही सदैव खरा असतो असे नाही. २०१७ साली काळ्या समुद्रातील काही जहाजांना आपण पाण्यात नसून दूर जमिनीवर आहोत असे त्यांची यंत्रे सांगू लागली. कोणीतरी खोटे संकेत सोडले होते. यास्तव होकायंत्र, एक कागदी नकाशा, पट्टी व शिसपेन्सिल ही जुनी मंडळी नौकेवर असावीत, आणि दर तासाला आपले स्थान हाताने नोंदवावे. यंत्र अचानक थांबले तरी शेवटची नोंद, दिशा आणि वेग यांवरून आपण कोठे असू याचा अदमास काढता येतो.

हा हिशेब समुद्राविना शिकता येतो. एक अक्षांशीय मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. रायपूर व नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत व त्यांच्या रेखांशांत सुमारे १५३ मिनिटांचे अंतर आहे. ते तसेच सागरी मैल मानले तर १५३ मैल होतील. पण विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात, म्हणून प्रत्यक्ष अंतर सुमारे १४३ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २६५ किलोमीटर भरते. दहा मैलांचा हा फरक का पडला हे मुलाला कागदावर उलगडून दाखविता आले की, नकाशा म्हणजे काय हे त्याला निम्मे कळले असे समजावे.

ज्या कुटुंबाजवळ यासाठी थोडीच रक्कम आहे त्याने क्रम असा ठेवावा : प्रथम शिक्षण, मग ताजा नकाशा, मग दुसरे राखीव साधन, आणि सर्वांत शेवटी सुंदर पडदा. बाजार हा क्रम नेहमी उलटा सांगतो; कारण पडदा विकता येतो, सावधपणा विकता येत नाही. घरातील मूल पाण्यावर जाऊ इच्छीत असेल तर त्याला अडवू नये. मात्र नकाशा वाचता येतो काय, एवढे आधी त्याच्यासमोर बसून पाहावे.